कळलं म्हणायची घाई

या महिन्यात आलेल्या मेलमधली चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, थेरपिस्टने आपल्याला समजून घेणं म्हणजे नेमकं काय आणि ते कितपत पुरतं. म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली आणि ही चार एकत्र घेतली. नावं नेहमीप्रमाणे काढलीत, शहर तेवढं राहू दिलंय.

प्रश्न (पुणे): ताई नमस्कार. मी ३४ वर्षांची, आयटीत आहे. सात महिने झाले, आठवड्यातून दोनदा सायकोअ‍ॅनालिटिक (मनोविश्लेषणाच्या) थेरपीला जातेय. थेरपिस्ट वाईट नाहीये, पण मी रडले तरी ती गप्प बसून राहते, टिश्यूचा बॉक्स टेबलावर असतो तो पण पुढे सरकवत नाही. माझी मैत्रीण दुसऱ्या एका काउन्सेलरकडे जाते, ती तिचा हात हातात घेऊन "मला अगदी समजतंय गं" म्हणते. मला वाटायला लागलंय की मी एवढे पैसे देऊन भिंतीशी बोलतेय. हिला एम्पथीच नाहीये का? बदलू का?

उत्तर: बदलायचं का ते शेवटी बोलू, आधी टिश्यूचं बोलू कारण तुमच्या पत्रात तेच सगळ्यात जास्त दुखतंय असं मला वाटलं.

आपल्या घरात कोणी रडायला लागलं की आपण पाणी आणतो, पाठीवरून हात फिरवतो, "उगी उगी, पूस डोळे" म्हणतो. त्यात प्रेम असतंच, पण समोरच्याचं रडणं आपल्याला बघवत नाही आणि ते आता थांबावं असंही त्यात असतं. मी सुरुवातीची काही वर्षं बॉक्स पुढे सरकवायचे, आणि समोरचा माणूस "सॉरी सॉरी" म्हणत डोळे पुसून दुसराच विषय काढायचा, हे इतक्यांदा झालं की शेवटी मी बॉक्स त्यांच्याच हाताला येईल अशा जागी ठेवायला लागले, घ्यायचा तर त्यांनी घ्यावा, नसेल पुसायचं तर राहू दे. तेव्हा तुमची थेरपिस्ट गप्प बसते म्हणजे तिला काही वाटत नाही असं लगेच धरू नका, कदाचित ती तुमच्या रडण्याला जागा देतेय. कदाचित, असं म्हणतेय मी, कारण काही लोक खरंच नुसते कोरडे असतात आणि त्याला टेक्निकचं नाव देतात, तेही मी पाहिलंय.

सहानुभूती म्हणजे मला तुझ्यासाठी वाईट वाटतंय. एम्पथी, आपण समानुभूती म्हणतो ती, म्हणजे तू जिथे उभी आहेस तिथून तुला काय दिसतंय ते बघायचा प्रयत्न करणं. "जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे" असं आपण म्हणतो ना, आता दुसऱ्याच्या वंशाला तर जाता येत नाही, म्हणून थेरपीत ते ऐकून ऐकून, चुकत चुकत करावं लागतं. आणि तुमच्या मैत्रिणीला मिळतं ते "मला अगदी समजतंय" हे वाक्य ऐकायला कितीही गोड असलं तरी मला त्याची भीती वाटते, ती का ते सांगते.

एक चाळिशीतले गृहस्थ यायचे माझ्याकडे, बँकेत अधिकारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लहानपणी सहा वर्षं साताऱ्याला आत्याकडे राहून शिकले, घर इस्लामपूरला. ते हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यासमोर माझं स्वतःचं हॉस्टेल आलं, रविवारची संध्याकाळ, कॉटखालची पत्र्याची ट्रंक, आणि मी अगदी मनापासून म्हणाले, "आईची फार आठवण येत असेल ना." ते "हो" म्हणाले. पुढचे तीन आठवडे ते आईच्या आठवणीबद्दलच बोलत राहिले आणि मला वाटलं काय छान काम चाललंय. चौथ्या आठवड्यात बोलता बोलता सहज म्हणाले की दिवाळीच्या सुट्टीला एस्टीने निघालो की कराड मागे पडलं की पोटात कळ यायची. घरी जाताना यायची, परत येताना नाही. वडील प्यायचे, रात्री दाराची कडी वाजली की हे गोधडीत जागे. आत्याच्या घरी ते आयुष्यात पहिल्यांदा रात्रभर झोपले होते. मी विचारलं, मग मी आईची आठवण म्हणाले तेव्हा तुम्ही हो का म्हणालात? त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली, परत उलगडली, आणि म्हणाले, "तुम्ही इतक्या मायेने विचारलंत, नाही कसं म्हणणार."

आईला वाईट वाटू नये म्हणून तिला हवं ते उत्तर द्यायचं हेच तर ते लहानपणभर करत आले होते, आणि माझ्या मायेने त्यांना तेच काम परत लावलं. मला जे वाटलं ते खोटं नव्हतं हो, पण ते माझ्या ट्रंकेबद्दल होतं. तीन आठवडे आम्ही माझ्या हॉस्टेलबद्दल बोलत होतो असंच म्हणा ना.

आता तुमचं. पुढच्या सेशनला हे पत्रात लिहिलंय तसंच्या तसं तिला सांगा, टिश्यूच्या बॉक्ससकट. "मी रडते तेव्हा तुम्ही हलत नाही याचा मला राग येतो, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." हे सांगायला लाज वाटेल पण या प्रकारच्या थेरपीत हेच खरं मटेरियल असतं. मग ती काय करते ते बघा. तिला त्यात रस वाटला, तिने विचारलं की याआधी असं भिंतीशी कोणाबरोबर बोलावं लागलं होतं, आणि आपलं काही चुकलं असेल ते मोकळेपणाने मान्य केलं तर राहा तिथे, बहुतेक सात महिन्यांतलं सगळ्यात चांगलं सेशन तेच होईल. पण सगळा दोष "हा तुमचा रेझिस्टन्स आहे" (म्हणजे उपचाराला तुमचाच आतून विरोध आहे) म्हणून तुमच्याच पदरात टाकला आणि दोन-तीनदा सांगूनही तसंच राहिलं, तर बदला, त्यात काही पाप नाही.

प्रश्न (नागपूर): मॅडम, मी एमए क्लिनिकल सायकॉलॉजीला आहे. एका सरांनी शिकवलं की फ्रॉइड म्हणतो अ‍ॅनालिस्टने (म्हणजे मनोविश्लेषण करणाऱ्या थेरपिस्टने) सर्जनसारखं थंड राहायचं. दुसऱ्या मॅडम म्हणतात कोहुटनंतर एम्पथी हेच सगळं. पेपरात दोन्ही लिहीन मी, पण उद्या पेशंटसमोर बसल्यावर करू काय?

उत्तर: अरे, दोघांनीही बरोबरच शिकवलंय, फक्त अर्धं अर्धं. मनोविश्लेषण ज्याने सुरू केलं त्या फ्रॉइडने १९१२ च्या लेखात सर्जनची उपमा दिली हे खरंय, भावना बाजूला ठेव, माणूस म्हणून येणारा कळवळासुद्धा बाजूला ठेव आणि काम नीट कर. पण पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, उपचार कसे सुरू करावेत या लेखात तोच म्हणतो की सुरुवातीला पेशंटचा जीव आपल्याशी जडू द्यायचा, आणि त्याच्यात शिरून समजून घेण्याऐवजी नीतीचे धडे द्यायला लागलात तर ते जडलेलं हातचं जाईल. तिथे त्याचा जर्मन शब्द आहे आइनफ्यूलुंग, म्हणजे आत शिरून अनुभवणं, ज्यावरून आधीच, १९०९ मध्ये, टिचनर या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजीत एम्पथी हा शब्द घडवला होता. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या स्ट्रेचीने तिथे साधं 'सहानुभूतीने समजून घेणं' अशा अर्थाचं काहीतरी घातलं, त्यामुळे इंग्रजीतून फ्रॉइड वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना तो शब्द तिथे दिसतच नाही. आणि प्रत्यक्षात हा माणूस कसा होता बघ, ज्याला रॅट मॅन म्हणतात त्या पेशंटच्या १९०७ च्या डिसेंबरातल्या टिपणात त्याने लिहून ठेवलंय की पेशंट भुकेला होता, त्याला खायला दिलं. सर्जन असं करत नाही. मला ते टिपण फार आवडतं.

बुडापेस्टचा अ‍ॅनालिस्ट फेरेंझी या बाबतीत सगळ्यांच्या पुढे गेला. १९२८ मध्ये त्याने लिहिलं की कधी बोलायचं, काय बोलायचं, किती ताणायचं हे सगळं या आत शिरून अनुभवण्यावर ठरतं, आणि अ‍ॅनालिस्टने रबरासारखं असावं, पेशंट ओढेल तसं थोडं जावं पण आपल्या बाजूचा ताण सोडू नये. मला अजून याहून चांगली उपमा सापडलेली नाही. पण नंतर तो इतका पुढे गेला की एका पेशंटबरोबर आळीपाळीने एकमेकांचं अ‍ॅनालिसिस करायला लागला, एक तास ती कोचावर, एक तास हा. त्याची १९३२ ची डायरी वाचली की कळतं तो किती प्रामाणिक होता आणि किती अडकला, कारण मनात येईल ते सगळं बोलायचं म्हटल्यावर बाकीच्या पेशंटची गुपितं पण तोंडात येणार, ती कशी सांगायची? थांबावं लागलं त्याला. आपल्या बाजूचा ताण सोडला की रबराचं काय होतं ते त्यानेच स्वतःवर करून दाखवलं असं मला वाटतं.

आता कोहुट. व्हिएन्नात १९१३ साली जन्मलेला, नाझींमुळे देश सोडून शिकागोला आलेला अ‍ॅनालिस्ट. त्याचा १९५९ चा लेख मूळातून वाच, नोट्समधून नको. त्याचं म्हणणं असं की झाड बघायला डोळे लागतात तसं दुसऱ्याचं मन बघायला एम्पथी लागते, दुसऱ्याच्या जागी बसून केलेलं आत्मपरीक्षण म्हण हवं तर. म्हणजे एम्पथी हे बघायचं साधन आहे, चांगुलपणा नव्हे, हे त्याच्या नावाने घोषणा देणारे बरेच लोक विसरतात. तो स्वतःच उदाहरण द्यायचा की नाझींनी बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना कर्कश सायरन लावले, कारण खालच्या माणसाच्या काळजात तो आवाज ऐकून काय होईल हे त्यांना बरोब्बर कळत होतं. आपल्याकडचं उदाहरण घे, "तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये पकडलंय, डिजिटल अरेस्ट झालीय" म्हणून फोन करणाऱ्याला रिटायर्ड माणसाची अब्रूची भीती घरच्या माणसांपेक्षा जास्त कळलेली असते. समजून घेणं दोन्हीकडे आहे, ते कशासाठी वापरतोय ते वेगळं.

आणि तो हे साधन वापरायला कुठे शिकला? मिस एफ म्हणून त्याने एका पेशंटबद्दल लिहिलंय. ती जे बोलली तेवढंच त्याने परत म्हटलं तर ठीक, पण तिच्या एक पाऊलही पुढे जाऊन काही अर्थ लावला की ती संतापायची, तुम्ही माझं सगळं खराब करताय म्हणायची. तो आधी हा रेझिस्टन्स समजत राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ती बाई विरोध करत नाहीये, तिला काय हवंय ते ती ओरडून सांगतेय, की आधी मला नीट ऐकलंय एवढं तरी दाखवा. म्हणून त्याचे दोन टप्पे, आधी समजून घ्यायचं आणि मगच समजावून सांगायचं. आणि समजून घेण्यात अधूनमधून चूक होणारच, ती चूक लहान असेल आणि दोघांनी मिळून उलगडली तर पेशंटच्या आत काहीतरी भक्कम होत जातं, हे त्याचं म्हणणं मला माझ्या अनुभवाने पटलेलं आहे.

पण सगळं नाही पटत. केर्नबर्ग या दुसऱ्या अ‍ॅनालिस्टने त्याच्यावर टीका केली ती विसरू नकोस, की पेशंट तुम्हाला देव करून ठेवतो त्या कौतुकाखाली भयंकर राग आणि मत्सर दडलेला असू शकतो, आणि तुम्ही नुसते त्याच्या सुरात सूर मिसळत बसलात तर त्याला हात कोण लावणार? शिवाय अगदी मूळचा प्रश्न राहतोच, जे त्या माणसाला स्वतःलाच माहीत नाही, त्याच्या जागी जाऊन मी ते अनुभवणार कसं? तिथे एम्पथी संपते, तिथे स्वप्नं लागतात, बोलताना झालेल्या चुका लागतात, तो दर मंगळवारीच उशिरा का येतो हे मोजायला लागतं. ते काम थोडं सर्जनसारखंच आहे.

तर उद्या बसल्यावर काय करायचं, तुला जे वाटेल ते अंदाज म्हणून धर. "आठवण येत असेल ना" असं म्हणू नकोस, "कसं होतं तिथे?" विचार. आणि पेशंट पटकन "हो हो" म्हणाला की खूश होऊ नकोस, पुढे तो काय बोलतो ते बघ, काही नवीन आलं तर तुझा अंदाज लागला, नुसताच "हो" आणि मग शांतता असेल तर बहुतेक नाही लागला.

प्रश्न (न्यू जर्सी): ताई, मी १२ वर्षं इकडे आहे. माझी थेरपिस्ट अमेरिकन, अ‍ॅनालिटिक पद्धतीची, खूप चांगली आहे. पण सासूबाई सहा महिने राहायला आल्या हे सांगितलं की तिचा चेहराच बदलतो, "तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" असं विचारते. तिला आपल्याकडचं कळणं शक्यच नाही असं वाटतं. इकडे ऑनलाइन मराठी थेरपिस्ट मिळतायत, तिकडे जाऊ का?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे आणि फार जुनी आहे. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली, आणि त्यांनी १९२९ मध्ये फ्रॉइडला कळवलं होतं की तुमच्या सिद्धांतातल्या काही गोष्टी माझ्या भारतीय पेशंटमध्ये युरोपातल्यासारख्या दिसत नाहीत. न्यूयॉर्कचे अ‍ॅनालिस्ट अ‍ॅलन रोलंड मुंबईत येऊन काम करून गेले आणि १९८८ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की इथल्या माणसाचा 'मी' हा कुटुंबात मिसळलेला असतो, त्याला दुबळा समजणं चूक आहे. आपल्याकडचे अ‍ॅनालिस्ट सुधीर कक्कर २०२४ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर हेच लिहिलं, इथला पेशंट थेरपिस्टमध्ये गुरू शोधत येतो वगैरे. तेव्हा "नाही का म्हणाला नाहीत" हा प्रश्न जर ती खरोखर जाणून घ्यायला विचारत नसेल आणि त्यात निकाल आधीच लागलेला असेल, तर तिथे तिची समज कमी पडतेय, आणि तिला हे सांगायला हरकत नाही.

पण मराठी थेरपिस्टकडे धावायच्या आधी एक सांगते. मी सासूबाईंचं काही ऐकलं की माझ्या डोक्यात लगेच अख्खी सिरीयल तयार असते, ओटा, फ्रिजमधले डबे, "आमच्याकडे असं नसतं". तुम्ही अर्धं वाक्य बोलाल आणि मी मान डोलवेन, आणि उरलेलं अर्धं, जे फक्त तुमचं आहे, ते बोलायचं राहूनच जाईल. जी इथली नाही तिला तुम्हाला सगळं फोडून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता आपल्याच तोंडून असं काहीतरी निघतं की आपणच थबकतो. साताऱ्याला शिकलेल्या त्या गृहस्थांचं वर सांगितलंच, तिथे भाषा एक, जिल्हे शेजारचे, तरी मी तीन आठवडे चुकले. मला वाटतं तुम्ही आधी तिला एकदा तिच्या चेहऱ्याबद्दल विचारा, की सासूबाईंचं नाव काढलं की तुमच्या चेहऱ्यावर जे येतं ते काय असतं? आणि दुसरं म्हणजे स्वतःलाही बघा, तिचा तो चेहरा बघून तुम्हाला नुसता राग येतो की थोडं बरंही वाटतं, की चला, कोणीतरी माझ्या वतीने चिडलं.

प्रश्न (कोल्हापूर): मॅडम, माझ्या काउन्सेलर खूप प्रेमळ आहेत. फी निम्मी केली, रात्री ११ ला व्हॉट्सअ‍ॅप केलं तरी रिप्लाय देतात, एकदा त्यांच्या स्वतःच्या घटस्फोटाचं पण सांगितलं आणि रडल्या. पण हल्ली मला सेशनला जायच्या आधी टेन्शन येतं, त्यांना बरं वाटेल असंच बोलावं असं वाटतं. मी कृतघ्न आहे का?

उत्तर: अजिबात नाही. तुमच्या मनाने जे ओळखलंय ते बरोबर ओळखलंय, तिथे आता तुम्ही त्यांना सांभाळताय.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची गोष्ट सांगतात, शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले, स्वतःचं शरीर शिष्यांच्या राखणीत ठेवून. आणि त्या राजाच्या सुखात इतके रमले की परत यायचंच विसरले, शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागली. थेरपिस्टचं तसंच आहे, दुसऱ्याच्या आत जाता येणं हे निम्मं काम, तासाच्या शेवटी आपल्या देहात परत येणं हे उरलेलं निम्मं. म्हणून तर वेळ ठरलेली असते, फी ठरलेली असते, सुपरव्हिजन (आपलं काम अनुभवी थेरपिस्टला दाखवणं) असतं, ते शिष्यांचं काम करतात. विनिकॉट या ब्रिटिश अ‍ॅनालिस्टने १९४९ मध्ये स्पष्टच लिहिलं की पेशंटबद्दल थेरपिस्टच्या मनात रागही असतो, आणि ठरलेल्या वेळी तास संपवणं ही तो व्यक्त करायची एक वाट आहे. ऐकायला कठोर वाटतं ना, पण ज्या माणसाला कधीच थकवा येत नाही, कधीच नाही म्हणायचं नाही, त्याच्यासमोर आपला स्वतःचा राग काढायला जागाच उरत नाही, आणि तुमचं आता तेच झालंय.

लॉस एंजेलिसचे राल्फ ग्रीनसन हे मोठे अ‍ॅनालिस्ट, एम्पथीवर १९६० मध्ये त्यांनी लिहिलेला लेख आजही शिकवतात. त्याच सुमाराला मॅरिलिन मन्रो त्यांच्याकडे उपचाराला आली. तिला घर नव्हतं, माणसं नव्हती, म्हणून त्यांनी तिला आपल्याच घरात सामावून घेतलं, बायकोमुलांत, जेवणाखाण्यात. ऑगस्ट १९६२ मध्ये ती गेली. त्यांच्यामुळे गेली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्याय होईल. पण एम्पथीबद्दल इतकं जाणणाऱ्या माणसालाही पेशंटला घरी नेण्यापासून थांबता आलं नाही, हे मी नवीन मुलांना दर वर्षी सांगते.

तुमच्या काउन्सेलर वाईट आहेत असं मला वाटत नाही, बहुतेक थकल्यात आणि एकट्या पडल्यात. पुढच्या वेळी सांगून बघा, "तुम्ही तुमचं सांगितल्यापासून मला माझं बोलायला अवघड जातंय." त्यांनी ऐकून घेतलं, आपल्या सुपरव्हायझरशी बोलते म्हणाल्या आणि मेसेजची वेळ ठरवून दिली तर चांगलंच. दुखावल्या, किंवा "मी तुझ्यासाठी एवढं केलं" असं काही आलं तर तिथून निघा, दुसरीकडे जाताना शिक्षण आणि रजिस्ट्रेशन विचारून घ्या, विचारलेलं कोणाला लागत नाही. आणि मधल्या दिवसांत रात्री ११ ला जीव घाबरा झालाच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फोन लावा, तिथे समोरच्याची झोप मोडली का ही काळजी तुम्हाला करावी लागणार नाही.